देवळालीवरचा आळ

बडोद्याच्या मराठी घरातलं पोर शिकायला म्हणून इंग्लंडला गेलं की पहिले काही महिने त्याची इंग्रजी रोज कुठे ना कुठे उघडी पडते. इथे शाळेत बारा वर्षं घासलेली, सयाजीराव विद्यापीठात पॉलिश करून घेतलेली इंग्रजी तिथल्या बस ड्रायव्हरपुढे चळचळा कापते. व्याकरण सगळं येत असतं, पण विशेषणं दगा देतात. ऑफिसातला गोरा साहेब कागदामागून कागद ओकत सुटलेल्या प्रिंटरकडे बघतो आणि म्हणतो, हा डूलाली झालाय. पोर समजल्यासारखी मान डोलावतं आणि रात्री दांडिया बाजारात फोन लावतं. ‘बाबा, डूलाली म्हणजे काय हो?’ ‘कोण डुलतंय?’ ‘कोणी नाही. इंग्रजी शब्द आहे.’ ‘मग तिथल्यांना विचार. एवढे पाउंड कशाला भरलेत?’ गंमत अशी, की हेच बाबा नाशिकला देवदर्शनाला गेले की हटकून देवळालीच्या एखाद्या सॅनिटोरियममध्ये उतरतात, सकाळी फिरून येतात, हवेची तारीफ करतात आणि पुरेपूर शहाणे परत येतात. साहेबाच्या तोंडचा शब्द ज्या गावाचा आहे त्या गावात आपण आंघोळ करून आलो, याचा त्यांना पत्ता नसतो.

डूलाली म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. इंग्रजीत वेड्यांच्या जाती पुष्कळ, त्यातली ही सौम्य. असा माणूस पंक्तीत बसवता येतो, फक्त तो ताकात बिस्किट बुडवतो. माणसाइतकंच हे विशेषण यंत्रांनाही चालतं. मूळ शोधायला फार खोदकामही लागत नाही, शब्दकोश सरळ पत्ता देतात: देवळाली, जिल्हा नाशिक. मराठीत वेड लागलेल्याचं डोकं ठिकाणावर नसतं. इंग्रजीत ते अगदी नेमक्या ठिकाणावर असतं, इगतपुरीच्या पुढे आणि नाशिक रोडच्या अलीकडे. महाराष्ट्रात देवळाल्या एकापेक्षा जास्त आहेत. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा थोडक्यात वाचली, कारण गोऱ्यांनी तंबू ठोकले ते नाशिकवालीत. देवळालीचं डूलाली कसं झालं, याचंही नवल नको. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’चं ज्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं आणि 1886 साली त्याच नावाने हिंदुस्थानी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश छापला, त्याच कानांत देवळाली शिरली आणि डूलाली होऊन बाहेर पडली. वडोदऱ्याचं ‘बरोडा’ हेही त्यांचंच काम. ते 1974 साली सरकारी कागदावर दुरुस्त झालं, बँकेने मनावर घेतलं नाही आणि आम्ही मराठी लोक ‘बडोदं’ म्हणतो ते दोघांच्या मधलंच काहीतरी आहे. तेव्हा उच्चाराच्या बाबतीत आमच्यासारख्यांनी, म्हणजे उशाला शब्दकोश घेऊन झोपणाऱ्या पण विमानतळावर ‘सॉरी’पलीकडे न जाणाऱ्यांनी, फार आवाज करू नये.

उच्चार सोडून देऊ. आळ मात्र सोडवत नाही. शंभराहून जास्त वर्षं एका निरुपद्रवी गावाचं नाव वेड्यांच्या कपाळावर चिकटवलं गेलंय. आमचं म्हणणं असं, की हे वेड देवळालीचं नव्हे, जहाजांच्या वेळापत्रकाचं. देवळालीची छावणी 1861 सालची. 1865 साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई बंदरात उतरणाऱ्या, तसंच मायदेशी परतणाऱ्या सोल्जरांची देवळाली ही धर्मशाळा झाली. सोल्जर नेण्या-आणण्यासाठी सरकारने पाच पांढरी जहाजं बांधून घेतली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. घरी जाऊ बघणाऱ्या माणसाला मगरीच्या नावाच्या बोटीत बसवायची कल्पना ज्या खात्याला सुचली, त्या खात्याकडून वेळापत्रकाची काय अपेक्षा ठेवायची? ही ने-आण थंडीच्या मोसमात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये व्हायची. पलटणीतली मुदत संपायला मात्र मोसम नसतो. ज्याची मुदत एप्रिलमध्ये भरली तो देवळालीला आला आणि बसला. वैशाख गेला, आषाढ गेला, पितृपक्षही गेला. सोल्जर अजून तिथेच.

या बसण्याचं वर्णन फ्रँक रिचर्ड्स नावाच्या सोल्जराने 1936 सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात करून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्वतः हिंदुस्थानात होता. मुदत संपलेल्यांकडे ना हत्यार ना सरंजाम. अधूनमधून कपडेलत्ते मांडून दाखवायचे, कधीतरी लांब चालून यायचं, बाकी दिवस मोकळा. अनेक वर्षं नाकासमोर चाललेले, एकही शेरा न पडलेले शिपाई तिथे असे काही उधळायचे, की बोट लागायच्या आत तुरुंगात पोचायचे. कुणी विचित्र वागला की बाकीचे म्हणायचे, याला डूलाली टॅप झाला. रिचर्ड्सचा अंदाजही हाच, की शब्द निघाला तो छावणीतल्या कंटाळ्यातून. गाव, पाणी, हवा, देव, भूत, कुणाचंही नाव तो घेत नाही. म्हणजे फिर्यादीचा साक्षीदारच आरोपीच्या बाजूने बोलतोय.

यावर पहिला आक्षेप उन्हाचा येतो. गोरी कातडी, हिंदुस्थानचा उन्हाळा, मेंदू वितळणारच. आक्षेप घेणाऱ्याने देवळाली पाहिलेली नसते. मुंबईचे पारशी आणि गुजराती शेठ पिढ्यान्‌पिढ्या तिथे हवापालटाला जात आले. क्षयाचे, दम्याचे, सुनेचे, सगळ्या प्रकारचे रुग्ण डॉक्टरांनी तिथे पाठवले. त्या हवेत बुद्धी फिरायची असती, तर भुलेश्वरच्या अर्ध्या पेढ्यांच्या वह्यांत जमेच्या जागी खर्च दिसला असता. उन्हानेच वेड लागत असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता मांडवीतून चालत न्यायमंदिरापर्यंत जाणाऱ्या बडोदेकराला इंग्रजीने काय म्हणायचं? त्याला विशेषण पुरणार नाही, अख्खा परिच्छेद लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: देवळालीला वेड्यांचं इस्पितळ असेल, म्हणून नाव पडलं असेल. आपल्याकडे हा न्याय चालतोच. पुणेकर माणसाला येरवड्याला पाठवतो, मुंबईकर ठाण्याला, आमच्या बडोद्यात कारेलीबाग नुसतं म्हटलं तरी समोरचा दुखावतो. (तिथे नुसती घरं घेऊन राहणाऱ्या शेकडो सज्जन कुटुंबांचा यात काय दोष, हे कोणी विचारत नाही.) पण लष्करी वेड्यांची खरी सोय इंग्लंडात होती, साउथॅम्प्टनजवळच्या नेटली इथल्या प्रचंड लष्करी इस्पितळात. हिंदुस्थानात डोकं फिरलेले सोल्जर तिकडे रवाना होत. जो खरोखर आजारी होता त्याची थट्टा करायचं कारण नाही, तो बिचारा मुंबईच्या बोटीची वाट बघत इतरांसारखाच छावणीत पडून असायचा. पण नेटलीच्या नावाचं विशेषण झालं का? नाही. वेड बरं करणाऱ्या गावाचं नाव शाबूत राहिलं आणि जिथे माणसं नुसती बसली होती त्या गावाचं गेलं.

तिसरा आक्षेप भाषेतला आहे आणि तो आम्हाला मनापासून आवडतो. मूळ शब्दप्रयोग नुसता डूलाली नव्हता, ‘डूलाली टॅप’ होता आणि टॅप म्हणजे आपला ताप. तेव्हा हा हिवतापाचा प्रकार असावा, डास चावले, ताप मेंदूत गेला, संपलं, असं काही विद्वान म्हणतात. त्यांच्या घरात मराठी बोलली जात नसावी. आपल्याकडे ताप मोजायला थर्मामीटर लागतोच असं नाही. पाहुणे हा ताप आहे, सोसायटीची मीटिंग हा ताप आहे, जावई दोन दिवस जास्त राहिला तर तोही ताप आहे, आणि यातल्या एकालाही क्विनाइन लागू पडत नाही. सोल्जरांनी इथल्या लोकांकडून शब्द उचलला तो अर्थाच्या दोन्ही बाजूंसकट उचलला असणार. पुढे इंग्रजांना ‘टॅप’ नको झाला, त्यांनी तो गाळून टाकला. ताप उतरला आणि देवळाली तेवढी राहिली.

मग मुख्य मुद्दा: नुसती वाट बघून माणसाला वेड लागतं का? याचा प्रयोग करायला लंडनची प्रयोगशाळा नको, बडोद्याची कुठलीही सरकारी कचेरी पुरते. (नाव कशाला घ्या, सगळ्या सारख्याच.) सकाळी दहाला जा. खिडकीवरचा लाल आकडा 37वर थिजलेला, हातातल्या चिठ्ठीवर 112. काचेपलीकडून आवाज येतो, ‘सर्व्हर डाउन छे.’ ‘क्यारे आवशे?’ ‘आवशे.’ या ‘आवशे’मध्ये तास नाही, तारीख नाही, खेदही नाही. सोल्जर असता तर इथेच खुर्ची भिरकावली असती. आमच्याकडे काय होतं पाहा. पहिली पंधरा मिनिटं कुणी कुणाकडे बघत नाही. मग एक काकू पिशवीतून डबा काढतात. थेपल्यांचा वास खिडकी सोडून सगळीकडे जातो. ‘ल्यो ने,’ काकू शेजारच्याला म्हणतात. शेजारचे जोशी. ‘तमे मराठी? लागता नथी.’ अकराच्या सुमारास निष्पन्न होतं, की जोशींची मेहुणी काकूंच्याच पोळात भाड्याने राहायची आणि जाताना तिने लाइटबिल थकवलं होतं. जोशी हिरिरीने मेहुणीविरुद्ध बोलतात. बारापर्यंत 58 नंबरच्या भाच्याला 84 नंबरची पुतणी सांगून आलेली असते. एकाला खिडकी जेवायला बंद होते तेव्हा मंडळी म्हणतात, बरं झालं, गप्पा अर्ध्यावर राहिल्या होत्या. आणि साडेतीनला सर्व्हर येतो तेव्हा मागून कुणीतरी खरोखर हळहळतं, ‘अरे, आवी गयुं?’

हे चित्र फारच गुलाबी झालं, रांगेत डोकी फुटतात ती काय, असा आक्षेप येईल. बरोबर आहे, फुटतात. पण नीट पाहिलं तर ती रांग हलल्यावर फुटतात. रांग उभी असते तेव्हा सगळे भाऊभाऊ. पुढे सरकली की कोण मध्ये घुसलं, कुणाची चप्पल कुणाच्या जागी होती, काकूंचा नंबर 41 होता की 47, याची चौकशी सुरू होते आणि थेपल्याचं मीठ विसरलं जातं. आपल्याला वाट बघण्याचा त्रास होत नाही, वाट संपण्याचा होतो. इंग्रजाचं उलटं. त्याला नोव्हेंबर ही तारीख सांगून ठेवलेली. तो रोज सकाळी उठून नोव्हेंबरकडे बघणार, आणि सरकारी खात्यातल्या नोव्हेंबरचा स्वभाव असा की बघितला की तो आणखी लांब जातो. आमच्या ‘पाच मिनिटं बेसो’ला लांबीरुंदीच नसल्यामुळे त्याच्याकडे टक लावून बसायचा मोह होत नाही. त्यातून सोल्जराला शेजारच्या खाटेवर काकू मिळाल्या नाहीत. मिळाला तो दुसरा सोल्जर, तोही नोव्हेंबरकडेच बघत बसलेला.

पण जो रिकामा नव्हता, अशा इंग्रजालाही वेड लागलेलं आहे आणि तेही आमच्याच गावात. लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम 1878च्या सुमारास सुरू झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, लष्करी इंजिनिअर, कामाचा डोंगर, देवळालीशी संबंध नाही. त्यांच्याबद्दल अशी हकीकत सांगतात, की आपलं गणित चुकलंय आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार, या विचाराने त्यांना घेरलं, त्यातच भ्रम झाला आणि 1881 साली ते गेले. म्हणजे आमचा सिद्धांत कोसळला? मुळीच नाही. मेजरसाहेबसुद्धा वाटच बघत होते, राजवाडा पडायची. ती वाट तर जहाजापेक्षाही लांबची. वास्तुविशारद चिझम साहेबांनी पुढे काम हाती घेऊन 1890 साली राजवाडा पुरा केला. त्याने संस्थान जाताना पाहिलं, 2001चा भूकंप सोसला, आता त्याच्या हिरवळीवर गोल्फ चालतं आणि बडोद्यातली निम्मी जनता तिकीट काढून तो कधीतरी बघायला जायची वाट बघतेय. घाई कुणालाच नाही, राजवाड्यालाही नाही.

आता कुणी म्हणेल, खटला नाशिकचा, मग बडोदेकरांनी वकीलपत्र का घ्यावं? त्याचं कारण 1875 सालात आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याच्या आरोपावरून बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी झाली. सहाजणांच्या मंडळात तीन इंग्रज सभासदांना गुन्हा दिसला, तीन हिंदी सभासदांना तो सिद्ध झालेला दिसला नाही, आणि सामना बरोबरीत सुटल्यावर सरकारने गैरकारभाराच्या मुद्द्यावर मल्हाररावांना गादीवरून काढलं. आरोप एक, शिक्षा दुसऱ्याच कलमाखाली, हा देवळालीचाच मासला. गादीवर बसवायला मुलगा आणला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ. तेच सयाजीराव. आणि इथे आमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्या मुलाला मे 1875मध्ये दत्तक घेतलं, पण कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले 28 डिसेंबर 1881 रोजी. साडेसहा वर्षं! देवळालीच्या सोल्जराची टापटीप सात महिन्यांत सुटत होती, त्याच काळात नाशिक जिल्ह्याचाच एक मुलगा बडोद्यात त्याच्या कितीतरी पट वाट बघत होता. त्याला राजवाडा होता ना, असं म्हणाल तर राजवाड्याबरोबर एलियट साहेबांची शिकवणी होती, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा होत्या, आणि रोजचा अभ्यास. वेड लागायला यापेक्षा कमी कारण चालतं. ते महाराज झाल्यावर त्यांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आपण सोसलेलं सगळ्यांना सोसायला लावलं, असं त्या काळच्या मुलांना वाटलं असेल, पण त्याला डूलाली म्हणता येत नाही.

इंग्रजांना हा शब्द सोडवत नाही, हेही खरं. बीबीसीने 1974पासून सात वर्षं देवळालीच्या छावणीतल्या नाटकमंडळी सोल्जरांवर विनोदी मालिका चालवली. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात, देवळालीला कुणी आलं नाही. इकडे पुण्या-मुंबईत डूलाली नावाची बिअर मिळते आणि तरुण मंडळी ते नाव आवडीने घेतात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बडोदेकराला डूलाली व्हायचं तर आजही स्वखर्चाने आणि शुद्धीवर राहूनच व्हावं लागतं. खुद्द देवळालीत भारतीय लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. तिथली माणसं पहाटे उठतात, घड्याळ लावून तोफा डागतात, आणि त्यांच्या दिनक्रमात कंटाळ्याला तास दिलेला नाही.

तेव्हा आमच्या मते देवळालीची निर्दोष सुटका व्हावी आणि खटल्याचा खर्च ती जहाजं सोडणाऱ्या पोर्ट्समथच्या गोदीवर बसवावा. विशेषण परत मागायची गरज नाही, इंग्रजीला आपण पुष्कळ दिलंय, हेही राहू दे. शब्दकोश छापणाऱ्यांना विनंती एवढीच, की पुढच्या आवृत्तीत या शब्दापुढे गावाचं नाव जरूर ठेवा, पण त्याच्या शेजारी त्या पाच जहाजांची नावं आणि त्यांचं वेळापत्रकही छापा.